निवडलेली थंडी, वाट्याला आलेली थंडी

कष्टाने माणूस घडतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वडीलधारे तेच सांगतात, पाठ्यपुस्तके तेच सांगतात आणि आम्ही शिक्षकही वर्गात तेच सांगतो. पण कोणत्या कष्टाने? आपण होऊन निवडलेल्या, की नशिबी आलेल्या? दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथेच होतो. हा घोटाळा उलगडण्यासाठी एका परदेशी खेळाचा मोठा उपयोग होतो.

त्या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच, पण चेंडू आणि काठीऐवजी हातात प्लास्टिकची चकती. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी लोखंडी साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. बहुधा अशा अठरा टोपल्या असतात. सर्वांत कमी फेकींत फेरी पुरी करील तो जिंकला. 'फ्रिसबी' बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा टोपलीच्या जागी नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली त्यांनी पुढे शोधून काढली.

खेळ उन्हाळ्याचा, पण थंड मुलखातील शौकीन तो हिवाळ्यातही सोडत नाहीत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जानेवारीत पारा उणे दहा अंशांच्या आसपास असतो, कधी उणे वीसच्याही खाली जातो. अशा हवेत चकतीचे प्लास्टिक कडक आणि निसरडे होते. थंड हवा दाट असते. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा उणे दहा अंशांची हवा सुमारे तेरा टक्के अधिक दाट, म्हणून तीच फेक कमी अंतर जाते. भुसभुशीत बर्फात चकती कडेने घुसली की वर फक्त एक चीर उरते. ती सापडावी म्हणून खेळाडू चकतीच्या पोटाला लांब रंगीत फीत चिकटवतात. हातमोजे घालून पकड येत नाही, म्हणून फेकीपुरता हात उघडा करावा लागतो. घटकाभरात बोटे बधिर होतात.

हिवाळ्यातल्या या खेळाला 'आइस बोल' नावाच्या स्पर्धांनी एक रूप दिले. सुरुवात १९८७ साली मिसुरी राज्यातून झाली. जानेवारी-फेब्रुवारीत गावोगावचे क्लब अशी स्पर्धा भरवतात. हवा वाईट आहे म्हणून ती रद्द करायची नाही, हा दंडक. 'नाजूकपणा नको, रडगाणे नको' अशा अर्थाचे तिचे घोषवाक्य. पुढे तिला आणखी एक हेतू जोडला गेला. खेळाडूंनी पैसे आणि डबाबंद अन्न गोळा करायचे आणि ते गावातील भुकेल्यांसाठी चालणाऱ्या अन्नपेढ्यांना द्यायचे.

त्याच जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेत आणखी एक उपक्रम होतो. एका रात्री देशभरातील बेघरांची मोजणी केली जाते. २०२४ च्या मोजणीत सात लाख सत्तर हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली. त्यांतील अनेक जण निवाऱ्यांत होते, पण अडीच लाखांहून अधिक उघड्यावर होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच आठवड्यात, थंडीने दोघांची बोटे बधिर झालेली असतात. एक जण खेळत असतो, दुसरा निजायला जागा शोधत असतो. थर्मामीटर दोघांना एकच आकडा दाखवतो. मग फरक कशात?

अमर्त्य सेन यांनी 'डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम' या १९९९ च्या ग्रंथात याचे नेमके उत्तर दिले आहे. उपवास करणारा आणि उपासमार होणारा, दोघांच्या पोटात अन्न सारखेच नसते. पण पहिल्याला जेवता येत असते, दुसऱ्याला ते शक्यच नसते. फरक निवडीचा आहे. डिस्क गोल्फच्या खेळाडूची गाडी वाहनतळावर उभी असते. थंडी असह्य झाली तर तो परतू शकतो. ही परतीची वाट तो वापरो न वापरो, ती असणे हीच त्याची ऊब आहे.

मग निवडलेली थंडी म्हणजे निव्वळ नाटक म्हणायचे काय? रोममध्ये सेनेका या तत्त्वज्ञाने आपल्या मित्राला सल्ला दिला होता की, अधूनमधून काही दिवस साध्या अन्नावर आणि जाड्याभरड्या वस्त्रात काढावेत, म्हणजे गरिबीची भीती जाते. सेनेका स्वतः अतिशय श्रीमंत होता. त्याच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण धोकाही आहे. चार दिवस कोरडी भाकरी खाऊन ज्याची भीती गेली, त्याला वाटू लागते की गरिबीत भिण्यासारखे काही नाही. 'मी सोसले, मग तुला का सोसवत नाही?' हा प्रश्न तिथूनच जन्मतो. 'रडगाणे नको' हे वाक्य खेळाडूने खेळाडूला म्हटले तर ती गंमत आहे. तेच पुलाखाली झोपणाऱ्याला म्हटले तर ते क्रौर्य आहे.

माझ्या मते निवडलेल्या कष्टाने दुसऱ्याची गरिबी कळत नाही. कळते ती वेगळी गोष्ट, आणि ती मोलाची आहे. थंडीत शरीर आतला भाग उबदार राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करते. उन्हाळ्यात डोळे मिटून टोपलीत चकती टाकणारा तरबेज खेळाडू जानेवारीत दहा पावलांवरून चुकतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही, अडाणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, थंडी आहे. दोन तासांच्या थंडीने तयारीच्या हाताची ही गत होते, तर सबंध हिवाळा माणसाचे काय करील? त्याच्या कामाचे, स्मरणाचे, स्वभावाचे? ज्याला आपण समोरच्याचा ढिलेपणा किंवा तिरसटपणा समजतो, तो पुष्कळदा त्याच्या परिस्थितीचा गारठा असतो.

शिक्षकाला हे दूरचे वाटत नाही. शाळेत शिजणारा पोषण आहार आठवीपर्यंत असतो. नववीत तो थांबतो, मुलाची भूक थांबत नाही. रमजानमध्ये रोजा धरलेले मूल दुपारी पेंगले तर आपण कौतुकाने म्हणतो, 'रोजा है बच्चे का.' आणि एरवी डब्याविना आलेले मूल पेंगले तर शेरा मिळतो, 'लक्ष नाही.' पेंग तीच असते, भूकही तीच असते. पहिल्याचे कारण आपल्याला ठाऊक असते आणि दुसऱ्याचे विचारले जात नाही.

म्हणून निवडलेल्या कष्टाची कसोटी सोसणाऱ्याच्या अभिमानात शोधू नये. सोसून झाल्यावर तो दुसऱ्याबद्दल काय बोलतो, ते पाहावे. सहनशक्ती वाढली आणि जीभ कठोर झाली, तर तो नुसता व्यायाम झाला. शेरा मारण्याआधी कारण विचारण्याची सवय लागली, तर कष्ट सार्थकी लागले. आइस बोलमध्ये गोळा झालेला डाळीचा किंवा मटाराचा डबा ज्या घरी जातो, त्या घरच्या माणसाने उणे दहा अंशांत किती तास काढले, हे कुणी विचारत नाही. विचारूही नये. कष्टाची परीक्षा माणसाने स्वतःची खुशाल घ्यावी. दुसऱ्याला भाकरी देताना ती घेण्याचा हक्क कुणालाच नाही.