ठेव की साठा?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, अशी म्हण आहे. गृहस्थाचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. वीस वर्षांच्या संसारात आपण किती वस्तू जमविल्या, हे घर बदलण्याचा प्रसंग येईपर्यंत कोणाच्याच ध्यानी येत नाही. आणि तो प्रसंग आला म्हणजे प्रत्येक वस्तू जणू समोर येऊन विचारते, ‘माझे काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर न देता सुटण्याची एक सोय अलीकडे निघाली आहे. तिच्या योग्यायोग्यतेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही राहतो त्या बंगळूर शहराला स्थलांतर नवे नाही. १८९८ साली प्लेगाची साथ आली, तेव्हा पेठेतील दाट वस्तीवर उपाय म्हणून मल्लेश्वरम् व बसवनगुडी ही उपनगरे वसविण्यात आली. आज त्या साथीचे भय नाही, तरी बिऱ्हाडे हलतच असतात. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीचा करार १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. जुन्या घराची मुदत संपते, नव्या सदनिकेचा ताबा लांबतो, आणि मधल्या काळात सामान ठेवावे कोठे, अशी अडचण उभी राहते. ही अडचण भागविण्यासाठी भाड्याची गोदामे निघाली आहेत. त्यांची माणसे घरी येऊन वस्तूंची यादी करतात, खोक्यांवर क्रमांक घालतात आणि सामान घेऊन जातात. कोठे कोठे स्वतंत्र खोली मिळते व तिचे कुलूप आपलेच असते. महिन्याचे महिन्याला भाडे भरले की झाले.

आम्हीही तीन महिन्यांपुरते म्हणून असे सामान ठेविले. नवे घर मिळाल्यावर लागेल तेवढे आणले. उरलेले ‘सवडीने पाहू’ म्हणून तेथेच राहू दिले. दीड वर्ष लोटले. दृष्टीआड सृष्टी! एके दिवशी मिरजेहून आत्या आली आणि चहा घेता घेता म्हणाली, “अरे, माझी पेटी कुठे आहे? एकदा उघडून पाहीन म्हणते.”

ती लोखंडी पेटी यजमान वारल्यानंतर तिने कुलूप लावून माझ्या वडिलांच्या स्वाधीन केली होती. आत काय आहे हे तिने सांगितले नाही व वडिलांनी विचारले नाही. ते होते तोवर ती देवघराशेजारच्या कोनाड्यातून हलली नाही. मी मात्र तिला गोदामात धाडली होती. यादीत ‘लोखंडी पेटी, नग १’ एवढीच तिची नोंद होती. मी खालच्या मानेने खरे ते सांगितले. आत्या थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “दादाने ती दुसऱ्याच्या दारी ठेवली नसती.”

ज्या ग्रंथांच्या भाषांतरावर माझा चरितार्थ चालतो, त्यांतच माझा दोष लिहिलेला होता. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर दुसरेच स्थान निक्षेपाला, म्हणजे ठेवीला आहे. पात्रात घालून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेल्या द्रव्याचा विचार याज्ञवल्क्याने उपनिधी म्हणून स्वतंत्रपणे केला आहे. आत्याची पेटी ही अशी उपनिधीच होय. याच स्मृतीवर कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. ठेव चोरीने, राजामुळे अथवा दैवाने नष्ट झाली तर ठेवणाऱ्याकडे दोष नाही. पण मालकाने मागितल्यावर ती न देणे, किंवा त्याच्या संमतीवाचून तिचा उपभोग घेणे, हा अपराध आहे, असा त्या धर्माचा आशय. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १५१ वे कलमही परक्याची ठेव सामान्य शहाणा मनुष्य स्वतःची वस्तू जशी जपेल तशी जपावी, असेच सांगते.

कोणी म्हणेल, ‘गोदामात पेटी सुरक्षितच होती; मग दोष कोठे राहिला?’ गोदामवाल्यांकडे तो नव्हताच. त्यांनी पेटीला ओरखडाही पडू दिला नाही. परंतु आत्याने केवळ लोखंडी पेटी सोपविली नव्हती, विश्वास सोपविला होता. वस्तूचे रक्षण भाडे देऊन दुसऱ्याकडून करविता येते; विश्वास मात्र ज्याने ठेविला त्याला विचारल्यावाचून तिसऱ्याच्या हाती देता येत नाही. मी एका पत्राने तिला विचारू शकलो असतो, आणि ते मला सुचलेही नाही.

पेटी आणण्यास गेलो तेव्हा उरलेली खोकीही उघडली. त्यांत पितळी घंगाळ निघाले, मुलांचा पाळणा निघाला, आणि वडिलांनी संग्रहित केलेल्या अमरकोशाच्या चार प्रती निघाल्या. माझ्याकडे शिकावयास येणारा एक विद्यार्थी तोच ग्रंथ उसना मागत हिंडत होता! दीड वर्ष मी भाडे भरीत होतो ते या वस्तूंच्या रक्षणासाठी नव्हे, तर त्यांच्याविषयीचा निर्णय पुढे ढकलण्यासाठी.

येथे अपरिग्रहाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. गीतेच्या सहाव्या अध्यायातील अपरिग्रह एकांतात बसणाऱ्या योग्याला उद्देशून सांगितला आहे. गृहस्थाला वर्षाचे धान्य भरावे लागते, अंथरूण-पांघरूण बाळगावे लागते. अतिथी आला असता रिते घर दाखविणे हा त्याचा धर्म नव्हे. पण अठराव्या अध्यायात जे जे टाकावयास सांगितले, त्यांत अहंकार, दर्प, काम व क्रोध यांच्या पंक्तीला परिग्रहही बसविला आहे. या संगतीवरून असे दिसते की, परिग्रहाचे मोजमाप वस्तूंच्या संख्येने होत नाही, चित्ताच्या पकडीने होते. बिऱ्हाड हलविताना गोदाम घेण्यात पाप नाही. मात्र खोके बांधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणाचे? कशासाठी? कोठवर? तिन्हींची उत्तरे मिळाली तर ती ठेव. ‘कोठवर’ याला उत्तर नसेल तर तो साठा. आणि ‘कोणाचे’ याचे उत्तर ‘दुसऱ्याचे’ असेल तर मालकाला विचारल्यावाचून त्याला हात लावू नये.

महिनाअखेर आम्ही गोदामाची खोली रिकामी केली. घंगाळ वापरात आले, पाळणा शेजारच्या लेकुरवाळीकडे गेला, अमरकोशाची एक प्रत मी ठेविली व तीन विद्यार्थ्यांना दिल्या. पेटी आत्यासमोर ठेविली. तिने ती उघडली, एक जुने पत्र काढून पुन्हा पुन्हा वाचले, पुन्हा कुलूप लावले आणि म्हणाली, “राहू दे तुझ्याजवळच.” मी म्हणालो, “आत्या, पुढे घर बदलावे लागले तर आधी तुला विचारीन.” ती हसली. पेटी आता देवघराशेजारी आहे. जागेची थोडी अडचण होते, ती आम्ही सोसतो.