सोडलेल्या शार्कचा हिशेब

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडचं पूर्वेकडचं शेवटचं टोक म्हणजे मॉन्टॉक. १९५१मध्ये फ्रँक मंडस आपली बोट घेऊन तिथे आला, तो गिऱ्हाइकांना ब्लूफिश मिळवून द्यायला. गळाला शार्कच लागू लागले, तेव्हा त्याने त्याचाच धंदा केला आणि नाव दिलं ‘मॉन्स्टर फिशिंग’. गळ्यात शार्कच्या दाताची माळ, पायाच्या एका अंगठ्याचं नख लाल आणि दुसऱ्याचं हिरवं, बोटीच्या डाव्या-उजव्या दिव्यांसारखं. जाहिरात कशी करायची हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. १९८६मध्ये मेलेल्या देवमाशावर ताव मारणारा ३,४२७ पौंडांचा, म्हणजे दीड टनाहून जड ग्रेट व्हाइट शार्क त्याने आणि एका सहकाऱ्याने रॉड-रीलवर ओढून आणला. ‘जॉज’ या चित्रपटातला शार्कशिकारी क्विंट त्याच्यावरूनच बेतला असं पुष्कळांचं मत आहे. हाच मंडस उतारवयात शार्क सोडून द्या, असं सांगू लागला.

वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट म्हणून हे सांगितलं जातं. मला ती तशी वाटत नाही. धंदा तोच राहिला, फक्त शेवटचा अंक बदलला. पूर्वी धक्क्यावर उलटा टांगलेला शार्क आणि शेजारी गिऱ्हाईक असा फोटो निघे. आता तो बोटीच्या कडेला, जिवंत शार्कबरोबर निघतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट ठेवून घेणं १९९७पासून बंद आहे, आणि २०२२पासून शॉर्टफिन माकोही. या जातींचा शार्क हवा तर तो पकडून सोडायचा, एवढीच वाट उरली.

पण गळाला लागल्यापासून सुटेपर्यंत शार्कचं काय होतं? माको, ग्रेट व्हाइट, हातोडीच्या डोक्याचा हॅमरहेड या सगळ्यांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी पोहत राहावं लागतं. जोराची झटापट सुरू झाली की स्नायू प्राणवायूविना काम करू लागतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. त्यात शरीराला आधार द्यायला बरगड्यांचा पिंजरा नाही. बोटीवर उचलून घेतलं की स्वतःच्याच वजनाखाली आतले अवयव दबतात. सोडल्यावर शेपटी हलवत खोल गेलेला मासा काही तासांनी मरू शकतो, आणि ते पाहायला तिथे कुणी नसतं. सगळ्यांचं असंच होतं असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात हौशी मच्छीमारांनी सोडलेल्या माकोंना उपग्रह-खुणा लावून पाहिलं, तर दहातले नऊ जगले. हॅमरहेड मात्र फार नाजूक. त्याला ही दमछाक सोसत नाही. तेव्हा ‘सोडला की वाचला’ हे सरसकट खरं नाही आणि ‘सोडला तरी मेलाच’ हेही नाही.

मला खरी गंमत, म्हणजे खंत, वाटते ती या खेळाच्या सभ्यतेची. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना १९३९मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांचा आत्मा असा की माशाला लढायची न्याय्य संधी मिळावी. म्हणून दोर जितका बारीक तितका पराक्रम मोठा. वेगवेगळ्या ताकदीच्या दोरांवरचे विक्रम वेगवेगळे नोंदवले जातात. मासा मारायचाच असेल तर या नियमाला अर्थ आहे, कारण दोर तुटून तो निसटू शकतो. पण सोडायचाच असेल तर? बारीक दोर म्हणजे लांबलेली झुंज, आणि लांबलेली झुंज म्हणजे रक्तात आणखी आम्ल. माशाच्या बाजूने म्हणून केलेला नियम माशाच्याच मुळावर येतो. इथे दिलदार माणूस तोच, जो जाड दोर आणि दणकट रॉड वापरून, काडीचाही थरार न अनुभवता, शार्कला पटकन बोटीपाशी आणतो. असल्या सफरीसाठी पैसे कोण मोजेल?

विक्रमांचं तर विचारूच नका. वजनाच्या विक्रमासाठी मासा जमिनीवर तोलावा लागतो. म्हणजे राक्षसी शार्क असेल तर तो मेलेलाच असणार. २००६मध्ये फ्लोरिडात १,२८० पौंडांची हॅमरहेड मादी विक्रमी ठरली. तिच्या पोटात ५५ पिल्लं निघाली. शार्कमध्ये बहुधा माद्याच मोठ्या, आणि गाभण असल्या तर त्याहून जड. वजनाची हाव बरोबर त्यांच्यावरच जाऊन पडते.

सोडण्याने काही मिळालंच नाही, असंही म्हणवत नाही. जॅक केसी या सरकारी जीवशास्त्रज्ञाने १९६२मध्ये शंभराहून कमी हौशी मच्छीमारांना हाताशी धरून शार्कना खुणा लावायला सुरुवात केली. पुढे टोचल्या जाणाऱ्या खुणेच्या कुपीतल्या चिठ्ठीवरच्या सूचना इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जपानी आणि नॉर्वेजियन अशा पाच भाषांत. नॉर्वेजियन कशाला, तर बहुधा त्या काळी नॉर्वेच्या बोटी अटलांटिकच्या अमेरिकी बाजूपर्यंत येऊन पोरबीगल जातीच्या शार्कचा फडशा पाडत होत्या. ब्लू शार्क अख्खा अटलांटिक ओलांडतो, हे या खुणांनी दाखवलं. एक सँडबार शार्क खूण टोचल्यानंतर २७ वर्षांहून अधिक काळाने सापडला. मात्र खूण परत येते ती शार्क पुन्हा कुणाच्या तरी गळाला किंवा जाळ्यात आला तरच, आणि पुष्कळदा तो कापला जातो तेव्हाच. एकाने सोडल्याची पावती दुसऱ्याने मारल्यावर मिळते.

जर्मनीत प्रश्न उलट्या बाजूने विचारतात. वाजवी कारणाशिवाय कण्याच्या प्राण्याला यातना देणं तिथल्या कायद्यात गुन्हा आहे. खाण्यासाठी मासा पकडणं हे वाजवी कारण. सोडून देण्यासाठीच पकडणं हे नव्हे. स्वित्झर्लंडनेही २००८च्या नियमावलीत सोडण्याच्या हेतूने मासेमारी करायला मनाई केली. मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, कालवण ओरपणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरं वाटेल. मला तो कायदा पूर्ण पटत नाही, कारण माकोसारख्या मंद वाढणाऱ्या जातीत ‘पकडलाय तर खा’ ही आज्ञा समुद्राला परवडणारी नाही. पण त्याने नेमक्या जागी बोट ठेवलंय: मौज सोडण्यात नाही, झुंजण्यात आहे, आणि सोडणं ही त्या मौजेवरची रंगसफेदी आहे. ज्या कप्तानाला हे कळतं तो गंजून जाणारा गोल गळ वापरतो, शार्कला पाण्याबाहेर काढत नाही, तार गळाजवळ कापतो आणि फोटोसाठी हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाचा रोष पत्करतो.

आपल्या किनाऱ्यावर शार्क सोडण्याची रीत निराळ्या कारणाने आली. गुजरातेत वेरावळच्या आसपास देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, यकृताच्या तेलासाठी मारत. ते तेल होड्यांच्या लाकडाला चोपडत. २००१मध्ये देवमुशीला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि मग मोरारी बापूंनी ही माहेरी आलेली लेक आहे असं सांगितल्यावर कोळ्यांनी जाळी कापून तिला सोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रानेही २०१८च्या डिसेंबरात, संरक्षित जीव सोडताना कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. इथेही सुटकेचा फोटो लागतो, पण तो अर्जासोबत जोडायला. जाळ्यातून त्या दिवशी निसटलेल्या बाकीच्या मासळीचे पैसे कोळ्याच्या अंगावरच पडतात.