बोजा कोणी चढवला?

‘हे आमच्या घराण्यातच आहे.’ दिलशाद गार्डनच्या ‘इहबास’मध्ये, म्हणजे जुन्या शाहदरा मनोरुग्णालयात, रांगेतलं कुटुंब पंजाबी असो की नोएडातलं मराठी, नैराश्याचं नाव निघालं की कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि विषय मिटतो. एपिजेनेटिक्सवर, म्हणजे जनुकांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या खुणांच्या शास्त्रावर, चार ओळी वाचलेला माणूस तिथे चरफडतो.

जनुकं म्हणजे विधिलिखित नव्हे, हे आता जुनं झालं. सातबारा आठवावा. जमीन तीच, गट नंबर तोच. पण ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढला की व्यवहार अडतो. डीएनएवर मिथाइल गट चिकटले की तसंच होतं. अक्षर बदलत नाही, जनुक गप्प बसतं. 2004 मध्ये मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदरिणीने कमी चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या जनुकावर असा बोजा असतो. मोठेपणी तो औषधाने उतरवताही आला.

इथून गुरुग्रामच्या व्याख्यानांतला उत्साह सुरू होतो: विचार बदला, ध्यान करा, जनुकं बदलतील! ते औषध थेट मेंदूत सोडलं होतं, एवढा तपशील तेवढा गळतो.

फिट्सवरचं जुनं औषध व्हॅल्प्रोएटही डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा बदलतं, हे 2001 मध्ये कळलं. तोवर कित्येक वर्षं ते सरकारी खिडकीवरून कागदी पुडीत जात होतं. पण त्याचा परिणाम एका जनुकापुरता नसतो. गावातल्या कित्येक सातबाऱ्यांवर एकदम खाडाखोड व्हावी, तसा तो प्रकार.

शिवाय खूण वेगळी, आजार वेगळा. 2009 मध्ये आत्महत्या केलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा पिल्लांतली ती मिथाइलची खूण बालपणी छळ सोसलेल्यांत ठळक दिसली. छळ न झालेल्यांत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) विदिता वैद्य यांच्या गटाला तर आईपासून तोडलेले उंदीर तरुणपणी काही कसोट्यांत सरस आढळले. घसरण मध्यमवयात दिसली.

चरफडणाऱ्याने इथे जरा थांबावं. बोजा म्हटला की तो चढवणारा शोधला जातो, आणि उंदरिणीपासून आईपर्यंत बोट पोचायला वेळ लागत नाही. ताणाखालची उंदरीणही पिल्लांना कमी चाटते, हे मीनींच्याच गटाचं निरीक्षण. ते व्याख्यानांत सहसा येत नाही. त्या मानाने ‘घराण्यातच आहे’ हे अर्धंच खरं वाक्य लेकीची फाइल धरून उभ्या असलेल्या बाईला निदान रांगेत उभं राहू देतं.