प्रश्नाचे माहेर

कठोपनिषदातला नचिकेता यमाला मृत्यूचे रहस्य विचारतो, हे आपण सारे जाणतो. परंतु त्याचा पहिला प्रश्न वडिलांना होता आणि तो घरच्याच यज्ञात उपजला होता, तिथे आपण फारसे थांबत नाही. दूध आटलेल्या, थकलेल्या गायी दक्षिणा म्हणून निघालेल्या त्याने पाहिल्या आणि त्या कुमाराच्या अंतरी श्रद्धा शिरली, असे ते उपनिषद सांगते. आधी श्रद्धा शिरली, मग प्रश्न उमटला. हा क्रम, सुहृदहो, मनात ठेवावा. दानाचे मोल त्याने मनापासून मानले म्हणूनच भाकड गाय त्याला खुपली, आणि गाय भाकड आहे हे गोठ्यात वावरलेल्या मुलालाच कळते. प्रश्नाचे माहेर घर आहे, ते असे.

अलीकडे शाळांतून ज्ञानरचनावादाचे नाव आदराने घेतले जाते. मुलांनी विचारावे, शोधावे, पडताळावे, फार चांगले. पण ‘विचारा प्रश्न’ म्हटल्यावर वर्ग गप्प बसतो, आणि आपण त्या गप्प बसण्याला जिज्ञासेचा अभाव समजतो. घरच्या बोलीला, घरच्या कामाला इथे जागा नाही, हे मूल पहिलीतच ओळखते आणि आपला प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवून आत येते.

पालघरकडचा राब घ्या. चैत्र-वैशाखात शेताच्या एका तुकड्यावर शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर अंथरतात, वर माती पसरून ते भाजतात आणि पाऊस पडला की तिथे भाताचे बी पेरतात. हे सारे हातांनी केलेल्या वारली मुलाने ‘माती भाजायची कशाला?’ असे आपल्या बोलीत विचारले, तर अख्खे विज्ञान त्या प्रश्नात सामावलेले असते. शाळेच्या आवारात दोन वाफे करावेत, एक भाजलेला, एक न भाजलेला. दोहोंत तण किती उगवले ते मोजावे, रोपांची उंची वहीत लिहावी, आजोबांचे म्हणणेही शेजारी टिपून ठेवावे. आचेने तणाचे बी जळते, राखेतून रोपाला पोषण मिळते, हे मग पाठ करावे लागत नाही. आणि प्रश्न तिथे थांबतही नाही: दरवर्षी ऐन असाच छाटला तर रान किती टिकेल? आजोबांच्या ज्ञानाचा मान राखूनच मूल त्याची किंमतही विचारू लागते, आणि मला तर श्रद्धेचे हेच प्रौढ रूप वाटते. घरची रीत नुसती गौरवायची, तपासायची मात्र नाही, हा मुलाचा सन्मान नव्हे. ती सोयीस्कर टाळाटाळ आहे.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडला अनुताई वाघ आणि त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने कुरणात जावे, इतके ते साधे होते. मुलाचे शरीर जिथे असते तिथेच त्याचा प्रश्नही असतो, हे त्या दोघींनी फार आधी जाणले.

म्हणून शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, येत्या वैशाखात गावात राब भाजला जाईल तेव्हा मुलांसोबत बांधावर जा, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.