कळ आणि कळणं

प्रसूतीच्या दुखण्याला आपण कळा म्हणतो आणि समजण्याला कळणं. शब्द अगदी शेजारी राहतात. पण एकीची कळ दुसऱ्याला कधी कळते का?

शरीरात काय होतं ते वाचून समजतं. गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे. ते आवळतं, सैल होतं, पुन्हा आवळतं आणि त्याचं तोंड हळूहळू 10 सेंटिमीटरपर्यंत उघडतं. कळा आधी लांब अंतराने येतात, मग दर दोन-तीन मिनिटांनी. पण ही झाली माहिती. कळ लागते कशी, ते यात कुठेच नाही.

म्हणून रोहिणखेडला घरातल्या चौघींना विचारलं. आत्या म्हणाली, "कंबर मोडल्यावानी वाटते." वहिनीला पाळीतलं दुखणं आठवलं, पण कितीतरी पटीने जास्त. चुलतबहीण म्हणाली, "कळ जाते अन् मधात बरं वाटते ना, तवाच भेव वाटते. आता पुन्हा येईल म्हणून." आजी हसली. "इसरली बाप्पा!" घर एक, गाव एक, उत्तरं चार.

हल्ली रील्समध्ये नवरे पोटाला विजेच्या पट्ट्या लावून 'प्रसूतीवेदना' अनुभवतात. स्नायू आखडतात, गडी कळवळतो, बघणारे हसतात. पण नवऱ्याने हात वर केला की यंत्र बंद होतं. बाईला तशी सोय नसते. मला खटकते ती त्यामागची अट: मला दुखेल, तेव्हाच तुझं खरं मानीन.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. युजर म्हणतो, 'अ‍ॅप बंद पडतं.' आमचं ठरलेलं उत्तर असतं, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' ते खोटं नसतं, पण त्याने काहीच सुटत नाही. बिघाड माझ्याकडे दिसला नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. अशा वेळी युजर काय सांगतो तेच हातातलं सगळ्यात मोठं साधन असतं.

यावर कुणी म्हणेल, ज्याचं जळतं त्याला कळतं. जिने सोसलंय तिलाच कळणार. तेही अर्धंच खरं आहे. रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली वेदना मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्णापुढे शब्द ठेवले होते: ठणका, चमक, जळजळ असे. पुढे हीच प्रश्नावली त्याने प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना दिली, तेव्हा दिसलं की कुणाला कळा सौम्य लागतात, कुणाला असह्य. म्हणजे स्वतःच्या बाळंतपणावरून दुसरीचं मोजता येत नाही. 'आम्ही नाही का सोसलं?' हे वाक्य 'माझ्या मशीनवर चालतंय' याचंच भावंड आहे. एका दवाखान्यात माझ्या बहिणीला हे ऐकावं लागलं, तेही एका आईकडूनच.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. बाळ दहा दिवसांत गेलं. 1886 साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. स्वतः सोसलेलं होतं, तरी त्या शिकत राहिल्या.

मग ज्याला कधीच कळ येणार नाही त्याने काय करायचं? मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा धरतो. तिची कळ मला कळलीच पाहिजे असं नाही. तिचं सांगणं मला पुरलं पाहिजे. कळणं हातात नसतं, विश्वास ठेवणं असतं.

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. रात्री दोन वाजता ती म्हणते, "आता निघा." घरातलं कुणीतरी म्हणतं, "पयलटकरीन आहे, लागते येळ." अनुभव खोटा नसतो, पहिल्या खेपेला बहुधा वेळ लागतोच. पण मोताळा किंवा बुलडाणा गाठायचं आहे, रस्ता अंधाराचा आहे आणि पोट तिचं आहे. अशा वेळी तिच्याकडे पुरावा मागत बसायचं नाही. 108ला फोन लावायचा, पिशवी उचलायची आणि निघायचं. लवकर पोहोचलो तर फार तर बाकावर बसून राहू.