माया आणि टीप

गोधडी हाताने शिवावी की यंत्रावर, हा काही मोठा नैतिक प्रश्न नव्हे, असे आपणांस वाटेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

आई गेल्यावर तिची सहा जुनी लुगडी माझ्या भाईंदरच्या घरी आली. खाडीच्या दमट हवेत ती कपाटातच कुजतील, म्हणून नातीसाठी त्यांची गोधडी करायचे ठरले. ‘‘यंत्रावर शिवू,’’ ही म्हणाली. मी दुखावलो. आईच्या हातच्या टाक्याटाक्यांत माया होती. ती लोखंडी यंत्रातून कोठून येणार?

‘‘अहो, माया म्हणायला तुमचे काय जाते? सुई बोटात जाते ती बाईच्या!’’

हट्टाने मी हातात सुई घेतली. चार दिवसांत दोन वीत गोधडी झाली आणि अंगठा सुजला. त्या सुजलेल्या अंगठ्याने मला एक विसरलेली गोष्ट आठवून दिली. आमची जेवणे उरकल्यावर आई कंदिलाच्या उजेडात गोधडी शिवीत बसे. एकदा तिने वडिलांपाशी शिवणयंत्र मागितले होते. तेव्हा मीच मोठ्या प्रेमाने म्हणालो होतो, ‘‘आई, तुझ्या हाताची सर यंत्राला यायची नाही.’’ ती हसली. यंत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

कष्टाला माया म्हटले की तो हलका करण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. स्तुती ही कधीकधी फार स्वस्तातली परतफेड असते.

यंत्रांविषयी मनात एवढी अढी असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, असे ते म्हणाले. इतिहास एवढा गोड नाही. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतले ते पैशासाठी. एलायस हाऊने आपल्या १८४६ च्या पेटंटाच्या आधारे त्याला कोर्टात खेचले आणि पैसे मोजायला लावले. पण कथा चुकली म्हणून कसोटी चुकत नाही. यंत्राने कोणाचा शीण हलका होतो, हाच खरा प्रश्न.

मग मी हिच्या हाताखाली यंत्र शिकू लागलो. पहिल्या दिवशी थर सरकले, खालच्या लुगड्याला चुण्या पडल्या, सुई मोडली. ‘‘आधी मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्या. सुई सोळा नंबरची लावा, टीप लांब ठेवा, आणि मधून सुरुवात करून कडेकडे जा,’’ हिने सांगितले. तरी कितीतरी ओळी चुकल्या. टीप घालायला अर्धे मिनिट, उसवायला अर्धा तास! तेव्हा कळले की यंत्राने बोटांचे कष्ट वाचतात, मनाचे नाहीत. लक्ष आपणच द्यावे लागते. वाकडी टीप तशीच राहू द्यायची की उसवायची, हे यंत्र ठरवीत नाही. माया असलीच, तर ती त्या ठरवण्यात असावी.

गोधडी झाली. एक कोपरा वाकडाच राहिला आहे. नात ती पांघरून झोपते.

मी मात्र अजून आईच्या हातची गोधडीच घेतो. तिच्या टाक्यांवरून बोट फिरवताना पूर्वी नुसती ऊब लागे. आता तिचे ते हसणेही आठवते.