आकड्यांचा षड्ज

स्वर कुणाचा? तारेचा, की ऐकणाऱ्याचा? हा प्रश्न पूर्वी पंडितांच्या बैठकीत शोभे. संगणकाने तो गाणाऱ्यांच्या घरात आणून ठेवला आहे.

संगणकाला स्वर ठाऊक नाही, आकडे ठाऊक आहेत. लाटेच्या एका आवर्तनाचा चढउतार आकड्यांत मांडावा, तीच मांडणी पुनःपुन्हा वाचावयास सांगावी. सेकंदाला ४४,१०० आकडे ध्वनिक्षेपकाचा पडदा हलवतात आणि षड्ज उमटतो. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमने १७ सेकंदांची एक रचना अशीच वाजवली.

पण एकच लाट घोकणारा हा षड्ज फार वेळ ऐकवत नाही. सुरात असतो, निर्दोष असतो, तरी निष्प्राण. कारण झां-क्लोद रिसे यांना त्याच प्रयोगशाळेत ट्रंपेटचा आवाज उभारताना उमगले: खऱ्या ट्रंपेटची लाट क्षणोक्षणी बदलते, आवाज चढला की वरचे स्वरांश अधिक उजळतात. म्हणून जाणते लोक आकड्यांत मुद्दाम थोडी चंचलता कालवतात.

येथे सोवळे मन बिथरते. हिशेबाने घातलेला जिवंतपणा ही लबाडीच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी तरी निसर्गाने कुठे दिली आहे? घोडीचा माथा घासून हलकासा उतरता करावा, तारेखाली सुताचा धागा सरकवावा, तेव्हा ती झणकारते. नियमाप्रमाणे जे स्वरांश उमटू नयेत तेही या घोडीमुळे उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. म्हणजे जवारी हीही कारागिरीच. आणि चांगली धूर्त! धागा सरकवणारा काय, आकडे बदलणारा काय, कानाचे समाधान होईपर्यंत दोघेही थांबत नाहीत.

अडचण आहे ती बटण दाबून तयार षड्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याची. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, पुन्हा ऐकायचे, यात शिष्याची घटका जाई. पण कान त्याच घटकेत घडे. फोनमधला तंबोरा उतरतच नाही. मग उतरलेला सूर ओळखण्याची पाळी येणार कधी? त्यापेक्षा २४० आणि २४२ कंपनांच्या दोन लाटा स्वतः लिहून, त्यांतले सेकंदाला दोन हेलकावे मोजत, एक आकडा हळूहळू खाली आणणारा मुलगा मला तंबोऱ्याच्या अधिक जवळ बसलेला दिसतो.